पिन समोरच्याची

जिममधल्या पुलीच्या दोरावर टॉवेल लटकत होता, पण टॉवेलवाल्याचा पत्ता नव्हता. पत्ता नव्हता म्हणजे, तसा होता; पाण्याच्या मशीनपाशी उभा राहून तो फोनवर कुणाला तरी ओव्हनच्या दाराची तक्रार ऐकवत होता, आणि मध्येच असा खदाखदा हसत होता की सगळी सकाळ जणू याच्या बापाची. इकडे ती ताटकळत उभी. एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, एकदा पिठाचे डाग पडलेल्या त्या टॉवेलकडे, आणि बुटातल्या बुटात तिच्या पायाची बोटं वळवळत होती.

तिला स्टेशनवर सगळे घाईताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण खोटं काय होतं त्यात? ती अग्निशमन दलात होती, बंबावर. घंटा झाली की बाकीचे खुर्चीतून उठेपर्यंत हिचा एक पाय बुटात. घरी सासूबाई म्हणायच्या, "अगं, जेवताना तरी बूड टेक! घास चावतेस की तसाच ढकलतेस?" नवरा बिचारा काही बोलत नसे, हिच्या ताटात आधी वाढून मोकळा व्हायचा.

या घाईनेच तिचा हात घालवला होता. एका गोदामाला आग लागली होती. आगीत एकट्याने शिरायचं नाही, जोडीनेच शिरायचं, हा तिथला पहिला धडा, आणि हिची जोडी नानांशी. नाना म्हणजे स्टेशनातलं सगळ्यात जुनं माणूस, मोजकं बोलणारं. जिन्यापाशी ते म्हणाले, "थांब." त्यांचं 'थांब' पुरं होईतो बाई दोन पायऱ्या वर. तिसरी खचली. उजव्या हाताने कठड्याला लोंबकळत राहिली, आणि नानांनी त्याच हाताला धरून वर ओढली. जीव वाचला, खांदा गेला. ऑपरेशन झालं, हाड जागेवर बसलं, पण हात कानाच्या वर जाईना.

तेव्हापासून ती कंट्रोल रूममध्ये फोनवर होती. फोन उचलायचा, पत्ता घ्यायचा, घंटेचं बटण दाबायचं आणि काचेतून बंब फाटकाबाहेर जाताना बघायचा. बाकीच्यांना वाटे, आराम आहे. कसला आराम! घंटा झाली की तिचे पाय आपोआप टेबलाखाली पळायला लागायचे, आणि ती खुर्चीचे हात गच्च धरून बसायची. असंच आयुष्य काढायचं म्हटलं तर आपण एक दिवस वेडे होऊ, हे तिने स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं होतं.

महिनाअखेरीला चाचणी होती. शिडीचं टोक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचं आणि साहेब 'ठीक' म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. जमलं तर बंबावर, नाही जमलं तर कायमची फोनवर. त्यातून आणखी एक भानगड होती. त्या स्टेशनात जुनी रीत होती: दुखापतीवरून परतलेला माणूस नुसती चाचणी पास होऊन बंबावर चढत नसे. साहेब सगळ्यांसमोर विचारत, "कोण जातंय याच्याबरोबर आत?" आणि कुणीतरी उभं राहून "मी जातो" म्हणावं लागे. नाना म्हणतील, अशी तिला आशा होती. पण गोदामाच्या त्या दिवसाबद्दल नाना तिला एका शब्दानेही बोलले नव्हते, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचीच तिला धास्ती होती.

तर हात वर जायला हवा होता, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होता पुलीवरचा. जवळपास पुली एकच, काकींच्या जिममधली. आणि त्या पुलीवर रोज सकाळी हा टॉवेल.

टॉवेलवाल्याची कोपऱ्यावर बेकरी होती. पहाटेचे पाव काढून झाले की तो जिमला यायचा, अंगाला भाजलेल्या पिठाचा वास घेऊन. माणूस दारात मावेना एवढा. वजनांच्या चळतीत पिन जवळजवळ तळाला खुपसून वरची सगळी वजनं दोराला लावायचा, दोर दोन्ही हातांत धरायचा, डोळे मिटायचा, अख्खं अंग मागे टाकून ओढायचा, आणि सोडताना वजनं अशी आदळायची की पलीकडे ट्रेडमिलवरच्या बाईंचा पाय चुकायचा. मग दोरावर टॉवेल टाकून साहेब निघाले फेरफटक्याला. पाणी पी, आरशात दंड बघ, फोन कर. परत येऊन आणखी एक सेट. परत फेरफटका.

पहिले काही दिवस ती मूग गिळून राहिली. विचारायचं म्हणजे काय, "अहो, किती सेट राहिले तुमचे?" एवढंच. पण तेवढंही तिच्या तोंडून निघेना. बंबावर असताना गर्दी तिला बघून बाजूला व्हायची. आता एका दोरीसाठी याच्या विनवण्या करायच्या? त्यापेक्षा ती मागे उभी राहून त्याच्या पाठीकडे रोखून बघायची. पाठीला काय कळणार, कपाळ!

त्या दिवशी मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. ड्यूटीची वेळ होत आलेली, चाचणी पंधरवड्यावर आलेली, आणि हा तिकडे ओव्हनच्या दारावर हसतोय. तिने टॉवेल उचलला, खिडकीच्या खिळ्याला अडकवला, पिन काढून वरच्या तिसऱ्या वजनाला लावली आणि दोर हातात घेतला.

"ओ बाई!" मागून आवाज आला. "टॉवेल दिसला नाही का?"

"टॉवेल दिसला. माणूस नाही दिसला."

"पाणी प्यायला गेलो होतो."

"विहीर खणून प्यायलात का? मी आले तेव्हापासून पिताय."

"माझे सेट चालू आहेत. मध्ये विश्रांती लागते. तुम्हाला नाही कळायचं, एवढ्या वजनाला—"

"हो ना, आम्ही काय, काड्या उचलणारे! अहो, मशीन काय तुमच्या आंदणात आलंय?"

"आणि ते वजन बघा!" तो तिसऱ्या पिनेकडे बोट दाखवून आजूबाजूला बघत म्हणाला. "एवढ्यासाठी पुली कशाला हवी? घरी दुधाची पिशवी उचला की!"

ट्रेडमिलवरच्या बाई फिस्सकन हसल्या. झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. बेकरी, पीठ आणि त्याची बुद्धी या तिन्हींचा त्यात उल्लेख होता एवढं पुरे. तोही मागे हटेना. दोघांनी दोराचं एकेक टोक धरलं होतं आणि दोघांचेही आवाज रस्त्यापर्यंत पोचले होते.

"झालं का?" काउंटरवरून काकी म्हणाल्या.

जिम काकींची. कधीकाळी गोळाफेक खेळायच्या. आता गुडघे गेलेले, पण दंड अजून बघावेत. काउंटरमागे बसून त्या वाटाणे सोलत होत्या. त्यांनी टोपलं बाजूला ठेवलं, सावकाश उठल्या आणि दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मशीन कुणाचं?" काकींनी विचारलं.

"मी आधी—" दोघं एकदम.

"मशीन माझं," काकी म्हणाल्या. "टॉवेल घाम पुसायला असतो, जागा धरायला नाही. हे तुला. आणि तू गं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी तोंड उघडायचं. मुकी आहेस का? आता तर सगळ्या गल्लीला कळलं की नाहीस."

तिने मान खाली घातली. तोही टॉवेलची सुरकुती काढायला लागला.

"आता ऐका. आळीपाळीने करायचं. एकाचा सेट, मग दुसऱ्याचा. आणि पिन समोरच्याची. आपला सेट झाला की पिन समोरच्याच्या वजनावर लावायची, त्याला सांगायचं, आणि मगच बाजूला व्हायचं. हे ज्याला जमणार नाही त्याने दुसरी जिम बघावी. ज्याच्यामुळे कुणाला लागेल त्याला मी हात धरून बाहेर काढीन, मग तो कितीही जुना असो."

काकी परत वाटाण्यांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आळीपाळी सुरू झाली. सुरुवातीला दोघांचीही तोंडं पावशेर वाटाणा दातांत धरल्यासारखी. तो ओढायचा, पिन वर तिसऱ्यावर लावायचा, "लावली" म्हणायचा. ती हात वर न्यायची, दात-ओठ खात, कानापर्यंत, कानाच्या वर थोडं, मग पिन त्याच्या वजनावर, "लावली." बस्स, एवढंच बोलणं. पण गंमत अशी, की फेरफटके बंद झाले. आणि तिला आपला सेट झाला की थांबावंच लागायचं. डॉक्टर घसा कोरडा करून सांगत होते की दोन खेपांच्या मध्ये खांद्याला उसंत द्या. ती ऐकेल तर शपथ. आता समोर एवढं धूड दोर धरून उभं, मग उसंत दिल्याशिवाय जाते कुठे? हात वर जायला लागला. एक दिवस डोक्यावर गेला. तिच्या तोंडून "अय्या!" निघालं, आणि तो बेकरीवालाच आधी बोलला, "गेला की!" मग दोघंही ओशाळले आणि आपापल्या टॉवेलात तोंड पुसायला लागले.

तरी आतली चुळबुळ काही जाईना. उलट हात सुधारला तशी ती वाढली. आता शरीर तयार होतं आणि दिवस सरत नव्हते. पिन लावता लावता तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे असायचं, कारण स्टेशनाचं फाटक त्याच रस्त्यावर होतं.

चाचणीच्या आदल्या सकाळी तिचा सेट चालू होता. तिसऱ्या वजनावर, हात वर, खाली, वर. सेट संपला. ती पिनेकडे वाकणार, एवढ्यात रस्त्यावरून बंबाचा भोंगा आला.

तिने विचार केलाच नाही. विचार करायला वेळ कुठे असतो, अंगच पळतं. दोर सोडून ती दाराशी गेली. बंब समोरून गेला, मागे नाना बसलेले, पट्टा आवळत होते. कुठे लागली असेल? मोठी आहे का? किती बंब काढलेत? ती फुटपाथच्या कडेला टाचा उंचावून बघत राहिली, बंब वळणाआड जाईपर्यंत.

आणि मागे धाडकन आवाज झाला.

बेकरीवाल्याने नेहमीसारखा दोर धरला होता, नेहमीसारखे डोळे मिटले होते आणि नेहमीसारखं सगळं अंग मागे टाकलं होतं. पिन तिसऱ्यावर होती. काही नसल्यासारखं वजन वर उडालं, आणि हा आडवा मागे गेला. पडताना डावा हात मागे टेकवला, आणि त्या हातावर सगळा डोलारा आला. ती आत आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता, खांदा धरून, चेहरा पांढराफटक. तो पांढरा रंग पिठाचा नव्हता.

"हलवू नका!" ती गुडघ्यांवर बसली. हात कामाला लागले, ते तिला येत होतंच. खांदा चाचपला, बोटं हलवायला लावली, टॉवेलाची झोळी करून हात गळ्यात बांधला. हाड मोडलं नव्हतं, सांधाही जागेवर होता, पण आत काहीतरी चांगलंच ताणलं होतं. बांधताना तिने एकदा पिनेकडे बघितलं आणि परत बघण्याची हिंमत झाली नाही.

काकी लंगडत आल्या. "काय झालं?"

ती बोलणार होती. अगदी खरं, शब्द जिभेवर आले होते. पण त्याच्या आधी तोच बोलला.

"काही नाही काकी. माझंच. आज जरा हलकं लावलं होतं, विसरलो. पाय घसरला."

काकींनी पिनेकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि बर्फ आणायला गेल्या.

काकी गेल्यावर तिने हलक्या आवाजात विचारलं, "असं का सांगितलंत?"

"ताई, हात जोडतो... एक जोडतो, दुसरा बांधलाय. कुणाला सांगू नका." तो दात आवळत हसायचा प्रयत्न करत होता. "तिसऱ्या पिनेने मला आडवा केला हे गल्लीत कळलं तर? त्याच वजनाला मी दुधाची पिशवी म्हणालो होतो. पाव घ्यायला येणारं पोरगंसुद्धा हसेल मला."

"पण चूक माझी आहे."

"असेल. मला काय करायचंय? काकी सांगत होत्या, तुमची उद्या परीक्षा आहे ना? जा, द्या."

त्याने तिला सोडून दिलं होतं, आणि तेही तिच्यासाठी नाही, स्वतःची लाज राखायला. ती जायला निघाली तेव्हा काकी दारात होत्या.

"काकी..."

"तक्रार आहे का कुणाची?" काकी म्हणाल्या.

"नाही."

"मग निवाडा नाही." त्या बाजूला झाल्या. "जा. ड्यूटीला उशीर होईल."

त्या दिवशी फोनवर बसून तिला काही सुधरेना. काकींनी बाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं. निदान कुणीतरी ओरडलं असतं, तिने दोन उलट शब्द बोलून घेतले असते, भांडण झालं असतं आणि संपलं असतं. हे असं मोकळं सुटणं तिला सहन होईना. घरी सासूबाईंनी विचारलं, "उद्याची काळजी लागली का गं?" ती हो म्हणाली. ताटात सगळं तसंच राहिलं. नवऱ्याने ते उचलून झाकून ठेवलं.

बेकरीवरूनच स्टेशनला जायचा रस्ता होता. सकाळी तिने आत डोकावलं. तो एका हाताने कणकेचा गोळा दाबत होता, गोळा सरकत होता, आणि त्याची बायको शेजारी उभी राहून त्याच्यावर तोंडसुख घेत होती: "व्यायामाने म्हणे तब्येत सुधारते! बघा सुधारलेली! आता आठ-पंधरा दिवस मी मळू का एवढं?" त्याने हिला बघितलं, मान हलवून 'गप्प' अशी खूण केली, आणि पुढे जायला सांगितलं. ती पुढे गेली. पाय जड झाले होते, आणि तिचे पाय जड होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

स्टेशनच्या आवारात सगळे जमले होते. साहेब मध्ये, बाकीचे बाकांवर, नाना टोकाला. शिडी आडवी पडलेली. तिने वाकून टोक धरलं, छातीपर्यंत आणलं, श्वास घेतला आणि वर ढकललं. खांद्यातून एक कळ निघाली आणि गेली. हात सरळ झाले. शिडी डोक्यावर होती. ती धरून उभी राहिली, थरथरत, घाम डोळ्यांत जात होता, आणि साहेब मुद्दामच वेळ काढत होते.

"ठीक," साहेब म्हणाले.

टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा, घाईताई!" ओरडलं. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोण जातंय हिच्याबरोबर आत?"

बाकाच्या टोकाला नाना उठले. एवढे दिवस तिने ज्याची वाट बघितली ते समोर घडत होतं. नाना उभे राहिले होते, तोंड उघडत होते.

"मी—"

"थांबा, नाना."

सगळ्यांनी वळून बघितलं. तिलाही कळेना आपण काय करतोय. पण निघालं ते निघालं.

"आधी ऐका. मग म्हणा." तिचा आवाज चिरकला. "काल जिममध्ये एका माणसाबरोबर मी एकच मशीन वापरत होते. माझं झालं की त्याच्या वजनावर पिन लावून द्यायची, असं ठरलेलं. बंब निघालेला ऐकला आणि मी पिन तशीच टाकून दाराकडे पळाले. त्याने विश्वासाने दोर ओढला आणि तो पडला. त्याचा खांदा गेला. तो कुणाला सांगणार नाहीये. कुणीच सांगणार नाहीये. तुम्ही माझ्याबरोबर आत जाणार, म्हणून सांगतेय."

साहेब नानांकडे बघत होते. नाना तिच्याकडे बघत होते. मग ते हळूच परत बाकावर बसले.

"दुसरं कुणी?" साहेबांनी विचारलं.

कुणी उठलं नाही. नाना बसल्यावर कोण उठणार?

ती कंट्रोल रूममध्ये गेली, खुर्चीत बसली, आणि मग ढसाढसा रडली. राग आला होता. नानांचा नाही, साहेबांचा नाही, स्वतःच्या जिभेचा. कोण विचारत होतं? हात वर गेला होता, माणूस उभा राहिला होता, फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसली असती तर आज आपण बंबावर असतो हेही तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तर रडू आवरत नव्हतं.

बऱ्याच वेळाने नाना दारात आले. हातात दोन चहा होते. एक तिच्यासमोर ठेवला.

"मी उठलो होतो," ते म्हणाले.

"बघितलं मी."

"मग बोललीस कशाला?"

तिने नाक पुसलं. "तुम्हाला माहीत नव्हतं ना, नाना. त्या बेकरीवाल्यालाही माहीत नव्हतं. तो डोळे मिटून ओढत होता." ती एकदम पुढे वाकली. "त्याचं नाव बाहेर काढू नका हां. लाजेने मरेल तो."

नानांनी अर्धा चहा संपवला. बाहेर आवारात कुणीतरी बंब धूत होतं.

"उद्या लवकर ये," ते म्हणाले. "धुरात शिरताना पाठीला लावायचे ते हवेचे सिलिंडर, बंबावरच्या सगळ्यांचे, तू तपासायचेस. हवा किती आहे तो काटा बघायचा, नळी बघायची, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा आणि तोंडाने सांगायचं. मध्ये घंटा झाली तरी हातातला पुरा केल्याशिवाय मान वर करायची नाही. रोज."

"म्हणजे... मला बंबावर—"

"म्हणजे काही नाही. मी अजून काही म्हटलेलं नाही."

"मग कधी म्हणाल?" तिच्या तोंडून गेलंच.

नानांनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे असं बघितलं की तिने जीभ चावली.

"ज्या दिवशी तू दिल्यावर मी माझा काटा परत बघणार नाही ना," ते म्हणाले, "त्या दिवशी समज."

ते गेले. तिने चहाला हात लावला. तो गार झाला होता, तरी ती तो प्यायली, एकेक घोट, पूर्ण.